शेवटचा हंडा

हे गेल्याचा निरोप आला तेव्हा मी नळावर होते. हॉस्पिटलातून डबा करायला घरी आले होते, तेवढ्यात मुलाचा फोन आला... मागच्या चाळीतली सुरेखा हातातला हंडा टाकून माझ्याआधी रडली. महिना झाला, तिचं ते रडणं मनातून जात नाही.

नव्वद सालानंतर आम्ही मुंबई सोडून विरारला, चंदनसारच्या चाळीत आलो. पाणी टँकरचं. टँकर आला की नुसती झोंबाझोंबी, आणि आमचे हे, चांगले सरकारी नोकरीतले, पाइप धरून सगळ्यांचं भरून देणार. आमचा हंडा शेवटी. कितीदा तळाचं गढूळच वाट्याला यायचं. रविवारी विहारात ते बोधिसत्त्वावर बोलत. "पैलतीराला जाता येत असून, सगळे होडीत चढेपर्यंत जो काठावर थांबतो, तो बोधिसत्त्व." एकदा मी भर विहारात विचारलं, "आणि बोधिसत्त्वाच्या बायकोनं डाळ कशात शिजवायची?" सगळे हसले. हेही हसले. म्हणाले, "तिनं भांडून का होईना, थांबू दिलं, म्हणून तर तो थांबला." राग गिळून मी घरी आले, पण मनातून सुखावले होते.

निवृत्तीनंतर काही दिवस श्रामणेर होऊन भिक्खूंचं चीवर अंगावर घ्यायचं, ही त्यांची एकच इच्छा. पण हे नसले की टँकरवर डोकी फुटत. "नळ आला की जातो," म्हणायचे. आमच्या चाळीला नळ आला. पिशवी भरली. निघायच्या सकाळी पाहिलं, तर मागच्या चाळीतल्या बाया हंडे घेऊन आलेल्या आणि आमचेच लोक त्यांना हाकलताहेत. यांनी पिशवी खाली ठेवली आणि पाइप हातात घेतला. "त्यांना नळ येऊ दे, मग बघू." त्यांचा नळ अजून यायचाच आहे, आणि यांचं चीवर राहिलं.

यांच्या स्मरणार्थ विहारात पुण्यानुमोदन झालं, तेव्हा कुणीतरी म्हणालं, "बिचाऱ्यांची इच्छा अपुरी राहिली." मला ते ‘बिचारे’ बोचलं. मी उभी राहिले आणि म्हणाले, "त्यांना जाता येत होतं. ते आपणहून थांबले. त्यांना बिचारे म्हणू नका."

आज सकाळी पाणी आलं. यांचं नाव घातलेला हंडा रांगेच्या शेवटच्या टोकालाच होता... मीच ठेवलेला. सुरेखा म्हणाली, "वहिनी, आज तरी तुमचं आधी भरा ना!"

मी पाइप तिच्या हंड्यात सोडला. म्हटलं, "भर गं तू. आमच्याकडे शेवटी भरतात."