सात टाके आणि एक ठक

पडदेवाल्या काकूंना काळजी करायला कारण लागत नसे. मुलगा उशिरा घरी आला तर काळजी होतीच, पण लवकर आला तर जास्त. अंगात कणकण आहे की कुणाशी भांडून आलाय, हे ठरेपर्यंत त्यांच्या घशाखाली घास उतरत नसे.

लग्न झालं त्या वर्षी समोरच्या इमारतीतले एक आजोबा दिवसभर त्यांच्या खिडकीकडे तोंड करून बसत, म्हणून काकूंनी आयुष्यातला पहिला पडदा शिवला. चार दिवसांनी तेच आजोबा दारात उभे. म्हणाले, "सूनबाई, चुण्या फार सुरेख पडल्यात. आमच्याही खिडकीला असाच करून द्याल का?" तिथून जो धंदा सुरू झाला, तो दवाखाने, शाळा, दुकानं आणि निम्म्या गावाच्या खिडक्या झाकूनही थांबला नाही. वरच्या मजल्यावर लाकडी जमिनीची लांबट खोली, तिच्यात कापायचं टेबल आणि खिडकीशी पायानं चालवायचं जुनं मशीन. खाली गोदाम. त्यात कापडाचे तागे छतापर्यंत रचलेले.

मोटरचं मशीन घ्यावं असं काकांनी पुष्कळदा सुचवलं होतं. काका बस डेपोत गाड्यांच्या वेळा लावत. त्यामुळे सगळं वेळेवर आणि आवाज न करता व्हावं, अशी त्यांची साधी अपेक्षा.

"मोटर माझं ऐकत नाही हो," काकू म्हणत. "पाय ऐकतो."

सकाळी त्या कापत, चुण्या घालत. दुपारी लांब शिलाई. पडद्याची खालची दुमड म्हणजे नुसता सरळ रस्ता, तिथे डोकं लावावं लागत नाही. पाय एका लयीत चालत राही, कापड पुढे सरकत राही, आणि काकूंच्या मनात काळज्या रांगेनं येऊन जात.

याच वेळेला खाली मुलाचा बँड वाजवत असे.

गोदाम पोरांना काकूंनीच दिलं होतं. बाहेर कुठे कुणाबरोबर बसतो, यापेक्षा डोळ्यांसमोर, म्हणजे निदान पायांखाली असलेला बरा. ताग्यांमुळे आवाज बाहेर जात नव्हता, त्यामुळे शेजारीही खूश. मुलगा गिटार वाजवायचा आणि गायचा. ड्रमवर एक दणकट मुलगी होती. तिला सगळे धडाम म्हणत, तिची आईसुद्धा. कीबोर्डवर एक अबोल मुलगा होता, तो चहा मागायचा तेवढाच बोलायचा.

आपलं संगीत सायकेडेलिक आहे, असं मुलानं सांगितलं त्या दिवशी काकूंनी तो शब्द शोधून वाचला, त्यात नशेचा उल्लेख दिसला, आणि पुढचे पंधरा दिवस त्याचे शर्ट धुण्याआधी हुंगून पाहिले. घाम आणि तारा जोडताना जळलेल्या कथलाचा वास, दुसरं काही नाही. शेवटी त्यांनी सरळच विचारलं.

"आई, त्याचा अर्थ एवढाच, की गाणं ऐकताना भिंती जरा हलल्यासारख्या वाटल्या पाहिजेत."

"त्यासाठी एवढी खटपट कशाला? तुझ्या बाबांना चष्म्याशिवाय बसव."

आता चार वर्षांच्या वाजवण्यातून त्यांचा अल्बम व्हायचा होता. तोही डबल. दोन तबकड्या, चार बाजू. पहिली बाजू सकाळची, दुसरी दुपारची, तिसरी संध्याकाळची, आणि चौथ्या बाजूवर एकच गाणं, बाजू संपेपर्यंत चालणारं, झोपेतलं.

"एक तबकडी कोण ऐकणार याचा पत्ता नाही, आणि हे दोन काढतायत," काका म्हणाले. "माझ्या डेपोत रिकामी गाडी धावते, तिच्यामागे आम्ही दुसरी रिकामी गाडी सोडत नाही."

"बाबा, हे चौथ्या बाजूचं गाणं आहे ना, त्याच्यासाठी सगळं चाललंय. त्याची लय वेगळी आहे. सात मात्रांची, आणि सातवीनंतर एक ठोका असा अंगावर येतो, किंचित उशिरानं. मला एक दिवस अशीच सुचली. कुठून आली देव जाणे."

हे सांगताना त्याचा चेहरा असा काही उजळला, की काकूंनी त्या दिवसापुरती काळजी गुंडाळून ठेवली.

मात्र वेळ थोडा होता. धडामला जहाजावर विजेच्या कामाची नोकरी लागली होती आणि सोमवारी ती निघणार होती. परत कधी येईल ते समुद्रालाच माहीत. तिच्यासारखी दुसरी मिळणार नव्हती आणि मिळाली तरी मुलाला नको होती. त्यामुळे आठवडाभर ध्वनिमुद्रण चाललं. त्यासाठी धडामची मावसबहीण यंत्रं घेऊन आली होती. ती कायम कानांवर हेडफोन घालून असे, म्हणून काकूंनी तिचं नाव कानवाली ठेवलं. तीन बाजू झाल्या. राहिलं झोपेतलं गाणं.

शुक्रवारी काकू चहा घेऊन खाली गेल्या, तेव्हा कानवालीनं कौतुकानं स्वतःचा हेडफोन त्यांच्या कानांवर चढवला. तिसऱ्या बाजूचं शेवटचं गाणं होतं. गिटार विझत विझत गेली, सगळं शांत झालं, आणि त्या शांततेत, अगदी तळाशी, काकूंना आपलं मशीन ऐकू आलं. टकटकटकटकटकटकटक, ठक.

त्यांनी हेडफोन काढून कानवालीच्या हातात दिला. पोरांनी चार वर्षं घासली आणि आपण त्यांच्या डोक्यावर बसून खडखडाट करतोय. त्यात एकानंही तोंडातून शब्द काढला नाही, बिचारी संकोचली असतील. मशीन बंद ठेवावं, तर नाट्यगृहाचा मोठा पडदा अर्धवट पडलेला, तोही सोमवारीच द्यायचा. काकू कुणाला काही बोलल्या नाहीत. त्यांनी मिस्त्रींना बोलावलं.

मिस्त्री म्हणजे गावातल्या सगळ्या शिलाई मशीनचे डॉक्टर. सायकलवर फिरत, आणि रोग्याला हात लावण्याआधी मालकाला बोल लावत.

"वहिनी, हा पट्टा कधीचा आहे?"

"मशीनबरोबर आलेला."

"तरीच. चामडं वाळलंय, आणि जोडाची ही पत्र्याची कडी बघा केवढी वर आलीय. चाकावरून जाताना दर वेळी आपटते. तुम्हाला ऐकू येत नव्हतं?"

"घरातला माणूस घोरतो ते काही वर्षांनी ऐकू येतं का?"

मिस्त्रींनी नवा, बिनजोडाचा रबरी पट्टा घातला, सांध्यांत तेल सोडलं, मशीनखाली लोकरीचा जाड नमदा पसरला. काकूंनी पाय चालवून पाहिला. मशीन मांजरासारखं चालायला लागलं. त्या दिवशी त्या फार समाधानानं झोपल्या.

शनिवारी दुपारी खाली झोपेतलं गाणं सुरू झालं. वर काकू आवाज न करता नाट्यगृहाचा पडदा शिवत होत्या आणि मनात म्हणत होत्या, वाजवा बाळांनो, आता कुणाचा त्रास नाही. गाणं थांबलं. पुन्हा सुरू झालं, पुन्हा थांबलं. मग आवाज चढले.

"तू पळतेयस."

"मी पळत नाहीये, तू रेंगाळतोयस."

"चार वर्षं बरोबर वाजवलंस आणि आज काय झालंय? मन जहाजावर गेलंय का?"

"तोंड सांभाळ."

दार आपटलं. मुलगा जिना चढून आला आणि ताग्याला पाठ टेकून बसला. "नाही होत आई. ती लयच सापडत नाहीये. जणू ती कधी नव्हतीच. सोडून द्यावं. तीन बाजूंचा डबल अल्बम काढू, लोक हसतील तेवढं हसू देत."

त्याला शेवटचं असं बसलेलं काकूंनी शाळेत पोहायला नेलं होतं तेव्हा पाहिलं होतं, सगळे पाण्यात आणि हा काठावर. त्यांचा पाय आपला चालतच होता, अशा वेळी तो थांबत नसे.

तेवढ्यात धडामही आली, डोळे पुसत. जिन्याच्या वरच्या पायरीवर टेकली.

"काकू, तुम्ही आज काम नाही करत आहात का?"

"करतेय की गं. सकाळपासून. हे काय."

धडामनं मशीनकडे पाहिलं. सुई खालीवर होत होती, कापड सरकत होतं आणि आवाज म्हणाल तर नाही. ती उठून जवळ आली. हातातली काठी तिनं टेबलाच्या कडेवर सुईबरोबर टेकवत नेली. सात टाके झाले की मग ती थबकायची, काहीतरी यायची वाट बघितल्यासारखी.

"इथं एक ठक होता," ती म्हणाली. "तो कुठे गेला?"

"काढून टाकला," काकू हळूच म्हणाल्या. "तुमच्यासाठी."

मुलगा उठून उभा राहिला. "म्हणजे ती लय मला सुचली नव्हती?"

"सुचली ना," धडाम म्हणाली. "छतातून."

आणि मग ती जी हसायला लागली, तिच्याबरोबर तोही, आणि खालून कीबोर्डवाला धावत आला की आता काय फुटलं. काकू मात्र हसल्या नाहीत. पोराचं गाणं आपण उचलून दिलं भंगारात. त्यांनी चपला घातल्या.

मिस्त्री दुकानाबाहेर सायकल पुसत होते.

"मिस्त्री, मशीन होतं तसं करून द्या."

"बिघडलं?"

"नाही, छान चालतंय. बिघडवून द्या."

मिस्त्रींनी फडकं खाली ठेवलं. "वहिनी, इतकी वर्षं हात काळे केले. आजपर्यंत कुणी बिघडवायला बोलावलं नाही. लोकांना कळलं तर माझ्याकडे कोण येईल?"

"लोकांना सांगणार नाही. जुना पट्टा कुठे आहे?"

"असलं काही ठेवतो काय मी?" ते म्हणाले. आणि दोघांची नजर एकदमच सायकलच्या कॅरिअरवर गेली. हत्यारांची पिशवी तिथं चामड्याच्या पट्ट्यानं करकचून बांधली होती. कडी वर आलेली.

घरी येऊन मशीनवर चढवला, तर पट्टा ताणून थोडा सैल झाला होता. मिस्त्री पकड घेऊन तो कापायला निघाले, तर धडामनं त्यांचा हात धरला. "मिस्त्रीकाका, बोटभरही कमी करू नका. सातचे साडेसहा टाके होतील." मग त्यांनी मशीनच्या बुडाखाली लाकडाची पाचर मारून ते जरा उंच केलं, नमदा काढला, आणि पाय चालवायला सांगितला. टक टक टक टक टक टक टक, ठक. मिस्त्रींनी कानात बोट घातलं. बाकी सगळ्यांचे चेहरे सण असल्यासारखे फुलले.

रविवारी दुपारी कानवालीनं एक माइक खाली आणि एक वर, काकूंच्या पायाशी ठेवला. "काकू, एकच गोष्ट. गाणं संपेपर्यंत पाय थांबवायचा नाही. मी खालून जिन्यातला दिवा लावला की संपलं."

काकूंच्या मनात काळज्यांची रांग लागली. दोरा तुटला तर? शिंक आली तर? पायात गोळा आला तर? काकांना त्यांनी दाराशी पहाऱ्याला उभं केलं, बेल वाजायच्या आत उघडायला. नाट्यगृहाच्या पडद्याची दुमड या खोलीच्या कितीतरी पट लांब होती, कापड संपायची भीती नव्हती.

पाय चालू लागला. सात टाक्यांवर धडाम उतरली, मग गिटार, मग जमिनीखालून काहीतरी मोठं, मऊ वर यायला लागलं. काकूंना कापायचं टेबल जरासं तरंगल्यासारखं वाटलं. भिंतीही. त्यांनी चष्मा चाचपला, तो जागच्या जागी होता.

गाणं निम्म्याच्या पुढे गेलं आणि टाका पोकळ लागला. बॉबिनमधला दोरा संपला होता.

बिनदोऱ्याचं मशीन चालवणं म्हणजे काकूंच्या लेखी उघड्या दारानं झोपणं. कुणी शिकाऊ मुलीनं तसं केलं तर त्या मशीनवरून उठवत. पाय आपसूक मंदावायला निघाला. खाली मुलाचा आवाज उंच चढत होता, त्या ठोक्याला धरून. काकूंनी ओठ दाबले आणि पाय चालू ठेवला. भलंमोठं कापड नुसती भोकं पडत पुढे सरकत राहिलं. काका दारातून हातवारे करून विचारत होते, काय झालं. त्यांनी मान हलवली, काही नाही.

दिवा लागला.

सोमवारी सकाळी नाट्यगृहाची दुमड दुसऱ्यांदा शिवून झाली, आणि धडामला निरोप द्यायला सगळे गेले. जाताना तिनं काकूंच्या पायांकडे बघून हात जोडले, कुणाला न कळेल असे.

काही महिन्यांनी दोन तबकड्या आल्या. जाड पाकिटात, एकमेकींना टेकून. मिस्त्रीही ऐकायला आले होते, इस्त्रीचा शर्ट घालून. चौथी बाजू लागली तेव्हा काका डोळे मिटून खुर्चीत मागे रेलले.

"भिंती हलतायत का हो?" काकूंनी विचारलं.

"गप्प बस गं, ऐकू दे."

गाणं निम्म्याच्या पुढे गेलं. टाक्यांचा आवाज एका जागी किंचित हलका झाला, कोरडा. कुणाच्या लक्षात येण्यासारखा नव्हता. मुलाच्याही आला नाही.

काकूंनी काकांच्या दंडाला बोट लावलं आणि कानाशी म्हणाल्या, "इथं दोरा संपला."