कुंकू लावलेलं टायर

टायर तापलं की त्यालाही माणसासारखं जरा मोकळं वाटावं, या दयाबुद्धीने मी त्याची थोडी हवा सोडली. भर मे महिन्यात, बीडहून पालीला जाताना, चहाच्या टपरीसमोर. नंतर पंक्चरवाल्याने सांगितलं की तापलेल्या टायरात हवा जास्त वाटते ती उन्हामुळे. ती सोडली की टायर आणखी चपटं होतं, आणखी दबतं आणि आणखी तापतं. हवा बघायची ती सकाळी, गाडी निघायच्या आधी, टायर गार असताना. हे सगळं त्याने मला सांगितलं तेव्हा जीपमागची ट्रॉली टायर फाटून धरणाजवळच्या उतारावर एका कुशीवर पडलेली होती आणि माझी शहाबादी फरशी रस्त्याकडेच्या चारीत होती.

फरशीचाही एक दोष असतो. ती गुपचूप बसते. ट्रॉलीत चार थर घातले तरी ट्रॉली रिकामीच दिसते. इतकी रिकामी ट्रॉली घेऊन बाजारातून जायचं मला बरं वाटेना, म्हणून मी आणखी थर चढवले. जीप मेव्हण्याची, ट्रॉली मुनिराभाभींची, आत्मविश्वास तेवढा माझा. सुदैवाने कुणाला खरचटलंसुद्धा नाही.

आता ट्रॉली मुनिराभाभींची होती ही गोष्ट बीडच्या माणसाला सांगितली, तर तो आधी तुमच्याकडे कीव आल्यासारखा बघतो. मुनिराभाभी देगी भाड्याने देतात. देग म्हणजे लग्नात बिर्याणी शिजते ते अजस्र तांब्याचं भांडं, ज्यात माझ्यासारखा माणूस बसून पेपर वाचू शकेल. नवरा चाँदभाई गेल्यापासून हा धंदा त्या एकट्या चालवतात. लग्न मुसलमानाचं असो की मराठ्याचं, बौद्धांची जयंती असो की नारायणगडाची जत्रा, भांडी भाभींची. जीपमागे जोडायची ती दोन चाकांची छोटी ट्रॉली म्हणजे त्यांचा उजवा हात.

भाभी भांडत नाहीत. भांडण म्हणजे बदल्याची नासाडी, असं त्यांचं मत. एका शेजाऱ्याने त्यांच्या दारात मोरीचं पाणी सोडलं तेव्हा त्यांनी एक बोकड आणला, त्याला त्या शेजाऱ्याचं नाव ठेवलं आणि रोज संध्याकाळी गल्लीच्या तोंडाशी उभं राहून त्याला प्रेमाने हाका मारू लागल्या. शेजाऱ्याने मोरी बुजवली. बोकड मात्र बकरीदेपर्यंत गल्लीत होता, आणि त्या दिवशी शेजारी गावाला निघून गेला म्हणतात.

अशा बाईची ट्रॉली मी उलटवली होती. मी त्यांच्या दारात गेलो तो मान खाली घालूनच. त्या माझ्याबरोबर निघाल्या, पंक्चरवाल्याकडे आल्या, फाटलेलं टायर हातात घेतलं आणि उलटंपालटं करून बघत बसल्या. टायर वरून नवंकोरं होतं. नक्षी खोल, रंग काळाभोर. दोनच महिन्यांपूर्वी त्यांनी ते मोहनराव टायरवाल्यांकडून नवं म्हणून घेतलं होतं.

“ह्ये आत लाल काय हाय, भाऊ?”

मी वाकून बघितलं. टायरच्या आतल्या कडेला बोटाने उमटवलेले चार लाल ठिपके होते, एकाशेजारी एक. पहिला जेमतेम दिसणारा, शेवटचा बऱ्यापैकी ताजा. मला ओळखायला वेळ लागला नाही. आमच्याकडे खंडेनवमीला दुकानातल्या मालाची पूजा होते, प्रत्येक वस्तूला कुंकवाचं बोट लागतं. चार ठिपके म्हणजे या टायराने मोहनरावांच्या दुकानात चार नवमी बसून काढल्या होत्या. मी हे भाभींना समजावून सांगितलं. पंक्चरवाल्याने टायराच्या बाजूला घासून काळा लेप काढला, तेव्हा खाली बारीक भेगा निघाल्या आणि टायर कोणत्या आठवड्यात, कोणत्या साली बनलं ते सांगणारे चार आकडेही निघाले. आकडे कुंकवाशी जुळत होते. ट्रॉलीचं टायर झिजून मरत नाही, तो म्हणाला. फिरतं कमी, उभं राहतं जास्त, त्यामुळे नक्षी तशीच राहते आणि रबर आतून वाळतं.

भाभींनी बोटाने ते ठिपके मोजले. दुसऱ्या दिवशी तीच ट्रॉली युसूफ वडगाव या गावी लग्नाला जायची होती. वर देगी, आणि देगींच्या मध्ये स्वयंपाकाच्या बाया आणि भाभींची इरम. लेक त्यांची एकुलती एक.

त्या मोहनरावांकडे गेल्या. मला बरोबर नेलं. मोहनरावांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं, चहा मागवला आणि एकच प्रश्न विचारला, की हवा कुणी सोडली? दुकानातल्या सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी चहात बघितलं. मग त्यांनी मोठ्या मनाने अर्धे पैसे परत द्यायची तयारी दाखवली. भाभी म्हणाल्या, पैसे ठेवा तुमच्याकडंच. आणि हसल्या. ते हसू बघून मला मोहनरावांची काळजी वाटली. खरं म्हणजे माझीही, कारण ओव्हरलोडचा हिशोब माझा अजून बाकी होता.

उन्हाळा गेला, पावसाळाही सरत आला. भाभींनी नवी टायरं दुसरीकडून घेतली, आकडे वाचून, दोन्ही एकाच मापाची. काम नसेल तेव्हा ट्रॉली विटांवर टेकवून चाकं अधांतरी ठेवू लागल्या, वर ओली गोणपाटं, ऊन लागू नये म्हणून. ट्रॉलीच्या मागच्या फळीवर रंगाने लिहिलं, ‘देगी सहा, फरशी न्हाई’. रस्त्यात भेटल्या की माझी चौकशी करत. त्यांच्या चौकशीने मला झोप येत नसे.

मग गणपतीच्या महाप्रसादासाठी भांडी ठरवायला मोहनरावांच्या मंडळी वनमालावैनी त्यांच्याकडे आल्या. वैनी मोठ्या देवभोळ्या. भाभींनी त्यांना बसवलं, सरबत दिलं आणि फाटलेल्या टायराचा तुकडा समोर ठेवला. वैनींनी ठिपके ओळखले. हे आपल्याच बोटाचं कुंकू आहे म्हणाल्या. मग हेही सांगितलं, की मालावर डाग दिसतो म्हणून नवऱ्याने त्यांना ते आतल्या बाजूला लावायला शिकवलं होतं.

“कुंकू खरंच बोललं, वैनी,” भाभी म्हणाल्या. “जागा तेवढी चुकली.”

वैनी निघाल्या तेव्हा भाभींनी त्यांच्या हातात एक छोटा डबा दिला. लाल ऑइलपेंटचा. लग्नाच्या गर्दीत देगी बदलू नयेत म्हणून भाभी प्रत्येक देगीवर त्याच रंगाचा ठिपका देतात, आणि तो वर्षानुवर्षं चुलीवर चढूनही जात नाही.

खंडेनवमीच्या सकाळी भाभींनी मला बोलावलं. म्हणाल्या, चला, मोहनरावांकडं पूजा हाय. दुकानात गिऱ्हाइकं होती, पेढे होते, झेंडूची तोरणं होती. वैनी एकेका टायराला हळदकुंकू वाहत होत्या आणि त्यावर, बाहेरच्या बाजूला, अगदी कंपनीच्या नावाशेजारी, लाल रंगाचा ठसठशीत टिळा देत होत्या. मोहनराव धावत आले. माल खराब होईल म्हणाले. वैनी वळल्या आणि सगळ्या गिऱ्हाइकांसमोर म्हणाल्या, “देवीच्या टिळ्यानं माल खराब होतो?”

मोहनरावांनी गिऱ्हाइकांपुढे पेढ्यांचं ताट धरलं. बीडमध्ये या प्रश्नाला उत्तर नाही.

टिळ्याचं टायर म्हणजे नवमीआधीचा जुना माल, हे दिवाळीपर्यंत गावभर झालं. लोक दुकानात येऊन बिनटिळ्याचं दाखवा म्हणू लागले. मोहनरावांनी टर्पेंटाइन लावून टिळे पुसले, तर तिथे पांढरट चट्टा पडला आणि लोक चट्टा बघून दोन पावलं मागे सरकू लागले. शेवटी सगळी जुनी टायरं भंगारवाल्याच्या गाडीत गेली. आता मोहनराव दर वर्षी नवमीच्या आत दुकान रिकामं करतात आणि ताजा माल भरतात. दर वर्षी नवमीच्या आदल्या दिवशी भाभी रंगाचा नवा डबा घेऊन जातात, फुकट. ईदेला शीरखुर्मा पाठवतात, सोबत निरोप, की टायरं बरी हायेत ना. मोहनराव तो शीरखुर्मा दुकानात उभ्याने खातात, असं त्यांचा नोकर सांगतो.

इतकं सगळं झालं तरी माझा नंबर काही लागेना. दर वेळी भाभी समोरून आल्या की मी कुठे बोकड दिसतो का ते बघत असे. शेवटी मला ते सहन होईना. एका दुपारी त्या ट्रॉलीच्या चाकाचे नट आवळत होत्या तिथे मी जाऊन उभा राहिलो. म्हटलं, भाभी, भार मी घातला, हवा मी सोडली, ट्रॉली मी पाडली. मोहनरावांना तुम्ही सोडलं नाही, मग माझा बदला का नाही घेतला?

त्यांनी पाना खाली ठेवला, पदराने घाम पुसला आणि माझ्याकडे वर बघितलं.

“तुमाला कळत नव्हतं भाऊ, त्याला कळत होतं.”