गाडीतलं पाणी वाजत होतं

गूढ अनुभवांच्या या सदरात मी आजवर फक्त वाचलंय, आणि खाली प्रतिक्रियांत शंका काढल्यात. कुणी सावली दिसली म्हटलं की मी विचारणार, लाईट कुठल्या बाजूला होता? कुणी हाक ऐकू आली म्हटलं की मी लिहिणार, झोप पूर्ण झाली होती का? त्यामुळे आज मीच लिहायला बसलेय म्हटल्यावर जुने वाचक हसतील... हसा. माझी तक्रार नाही.

आधी माझं काम सांगते, कारण त्याचा इथं संबंध आहे. मी शेंद्र्याच्या एका कारखान्यात क्वालिटीला आहे. गाड्यांच्या फ्यूज बॉक्सची प्लास्टिकची झाकणं आम्ही बनवतो. झाकण बसवलेला बॉक्स एका बंद खोलीत ठेवायचा, चारी बाजूंनी पाण्याचे फवारे मारायचे, मग उघडून आत थेंब गेलाय का ते बघायचं. पंधरा वर्षं मी हेच करतेय. पाणी कुठून शिरतं, कुठं थांबतं, कुठून निघून जातं — यात मला शिकवणारा माणूस सहसा भेटत नाही.

तर गोष्ट श्रावणातल्या एका रविवारची, दुपारी साडेतीनच्या सुमाराची. मी आणि माझ्या सासूबाई हर्सूलहून निघालो होतो. करमाडच्या पुढं आत एका गावात त्यांचे भाऊ राहतात, त्यांना भेटायला. सासूबाईंचं खुब्याचं ऑपरेशन होऊन दोन महिने झाले होते, वॉकर घेऊन चार पावलं चालायच्या. नवरा पुण्याला होता. त्यांना मागच्या सीटवर आडवं-तिरकं बसवून, पायाखाली उशी देऊन मी एकटीच गाडी चालवत होते.

आदल्या तीन दिवसांत भरपूर पाऊस झाला होता. त्या दिवशी मात्र लख्ख ऊन. जालना रोडला गाडीनं काही म्हणजे काही कुरकुर केली नाही. करमाड सोडलं, आतल्या कच्च्या रस्त्याला लागलो, आणि एका छोट्या पुलाजवळ मेंढरं आडवी आली. शंभरेक असतील. मी इंजिन बंद केलं आणि थांबले.

मेंढरांमागून एक म्हातारे बाबा आले. डोक्याला मुंडासं, खांद्यावर घोंगडं, हातात काठी. वय पंच्याहत्तरच्या पुढं. ते गाडीशेजारून पुढं गेले... आणि थबकले. मान तिरकी केली. चार पावलं मागं आले आणि डाव्या बाजूला, गाडीपासून हातभर लांब उभे राहिले.

"बाई, गाडीत पाणी हाय."

मला वाटलं, रेडिएटरबद्दल बोलतायत. मी म्हटलं, "असतंच बाबा, इंजिनला लागतं."

"ते नाय. हितं." त्यांनी काठीनं समोरच्या काचेच्या खालचा डावा कोपरा दाखवला. "रांजण भरल्यावानी वाजतंय. म्हातारीला उतरवा."

मी कान दिला. मेंढरांचं बें-बें आणि त्यांच्या गळ्यातल्या घंटांशिवाय मला काहीही ऐकू आलं नाही. खरं सांगते, मला थोडा रागच आला. दुखऱ्या बाईला भर उन्हात रस्त्यावर काय म्हणून उतरवायचं?

"पुढं गेल्यावर बघते बाबा," मी म्हटलं.

"पुढं नाय. आत्ता उतरवा."

आवाज चढवला नव्हता त्यांनी. पण ते गाडीसमोर येऊन उभेच राहिले, हलेनात. शेवटी सासूबाईच मागून म्हणाल्या, "वैशाली, म्हातारं माणूस सांगतंय तर उतरव मला. पाय बी अवघडलेत."

मी उतरले. मागचं दार उघडलं, आत वाकले आणि वॉकर काढता काढता पुटपुटले, "खुब्याचं ऑपरेशन झालंय यांचं, लोकांना काय कळतंय." बाबांकडे माझी पाठ होती. बोलणं जेमतेम ओठांतल्या ओठांत.

मागून उत्तर आलं, "व्हय, मंग हळू घ्या. घाई नाय. पर घ्या."

मी शरमले. सासूबाईंना धरून पुलाच्या कठड्यावर बसवलं, दार लावलं, आणि त्यांना पाण्याची बाटली देतेय तोच गाडीतून खट्... खट्-खट् असा आवाज आला. चारी दारांची लॉकं आपोआप खाली बसली. किल्ली माझ्या हातात होती! मग वायपर सुरू झाले. कोरड्या काचेवर घरघर घासत. आणि डाव्या सीटच्या समोर जो खण असतो ना कागदपत्रं ठेवायचा, त्याच्या फटीतून पांढरा धूर यायला लागला.

रिमोट दाबला, काही नाही. चालकाच्या दाराला किल्ली लावून फिरवली, सुदैवानं तेवढं एक दार उघडलं. सीटखालून पाना काढला, बोनेट उघडलं आणि बॅटरीची वायर सोडवली. घाईत पाना दोनदा सटकला. वायपर अर्ध्यावर थांबले. धूर हळूहळू विरला. काच मात्र आतून काळवंडली होती, आणि जळक्या प्लास्टिकचा तो वास... तो मला कारखान्यातला, रोजच्या ओळखीचा.

मग मी काचेखालची काळी जाळी उचकटली. प्रत्येक गाडीला असते बघा, वायपरच्या बुडाशी. तिच्याखाली एक पन्हळ असते. काचेवरून ओघळलेलं पावसाचं पाणी त्या पन्हळीत पडतं आणि दोन्ही टोकांच्या भोकांतून खाली रस्त्यावर निघून जातं. माझी गाडी आमच्या कॉलनीत गुलमोहराखाली उभी असते. गुलमोहराची ती बारीक बारीक पानं जाळीतून आत जाऊन, कुजून, दोन्ही भोकांत लगद्यासारखी घट्ट बसली होती. पन्हळ काठोकाठ भरलेली. आणि डाव्या बाजूला, जिथून हवा आत ओढली जाते, तिथून पाणी झिरपत थेट आतल्या फ्यूज बॉक्सवर. ज्या बॉक्सवर दारांची लॉकं, काचा, वायपर, सगळं चालतं त्याच्यावर. पाणी निघायचं भोक तुंबलं तर पाण्यानं जायचं कुठं, याचा विचार ती गाडी आखणाऱ्यानं केला नव्हता. आणि पंधरा वर्षं हेच बघणाऱ्या बाईनं स्वतःच्या गाडीची जाळी कधी उचलून बघितली नव्हती.

मी केसातली पिन काढून भोकात खुपसली. लगदा सुटला आणि पाणी बदाबदा खाली पडलं. कितीतरी वेळ पडत होतं. मी तिथंच चाकाशेजारी मातीत बसून रडले. सासूबाई कठड्यावरून म्हणत होत्या, "अगं रडू नको, मी बाहेर हाय ना? मी बाहेर हाय." मागची दारं लॉक, काचा बंद, आत धूर, आणि स्वतःहून उठता न येणारं माणूस... आणखी दोन मिनिटं आम्ही पुढं गेलो असतो तर? आजही हा विचार मी पुरा करत नाही.

मान वर केली तेव्हा बाबा मेंढरांमागं माळावर बरेच लांब गेले होते. हाक मारली, त्यांनी वळून बघितलं नाही. फोन केल्यावर सासूबाईंचे भाऊ, म्हणजे आमचे मामा, आले आणि आम्हाला जीपमधून घरी नेलं.

इथपर्यंत सगळं ठीक आहे. म्हाताऱ्या माणसाचे कान तिखट, असं म्हणून मी सोडून दिलं असतं.

पुढच्या रविवारी मी त्यांना शोधत गेले. नवं धोतर आणि पेढे घेतले होते. मामांच्या गावाजवळच धनगरांची वस्ती आहे, तिथं विचारत विचारत त्यांचं घर सापडलं; नाव धोंडिबा. त्यांची सून दारात ज्वारी निवडत होती. मी झाला प्रकार सांगितला आणि म्हटलं, "तुमच्या सासऱ्यांना पाण्याचा आवाज आला म्हणून आम्ही वाचलो."

तिनं सूप बाजूला ठेवलं.

"कुणाला आवाज आला?"

"धोंडिबाबांना."

"बाई, त्यांला ऐकाया येत नाय. धा-बारा वरसं झाली. तापात कान गेले. दवाखान्यात बी दाखवलं, काय उपेग नाय म्हनले."

बाबा अंगणात आमच्याकडं पाठ करून दोर वळत बसले होते. सुनेनं बाजूची रिकामी घागर उचलून त्यांच्या मागं फरशीवर आपटली. मी दचकले. बाबांचा हात दोरावरून हललासुद्धा नाही.

मी पुढं जाऊन बसले. त्यांनी मला ओळखलं, हसले. सुनेनं खुणांनी विचारलं, की या बाईंच्या गाडीतलं पाणी तुम्हाला कसं कळलं?

बाबांनी दोर बाजूला ठेवला. मग म्हणाले, "मला बी म्हाईत नाय. आधी वाटलं, भास हाय. पर पाणी वाजलं. इतक्या वरसांनी कायतरी वाजलं, म्हनून मी थांबलो. तुमचं बोलनं बी आलं, तोंडातल्या तोंडात बोललात ते बी. म्हातारीचं आलं. मेंढरांचं नाय आलं हां... मेंढरं माझ्या म्होरं वरडत हुती." मग सुनेकडं बोट करून, "घरी आलो, हिला म्हनलं, बोल बरं. ही बोलली. काय नाय. पयल्यासारखं."

सून डोळ्याला पदर लावून उभी होती. "आले तवा सारखं बोल म्हनत हुते," ती हळूच म्हणाली. "मला वाटलं, ऊन लागलं."

बाबांनी माझ्याकडं बघून विचारलं, "गेलं का पाणी समदं?"

मी मान हलवली. गेलं.

"मंग झालं," म्हणाले, आणि पेढ्याचा तुकडा मोडून आधी माझ्या हातावर ठेवला.

घरी येऊन मी सवयीप्रमाणे सगळ्या शंका मांडल्या. ओठ वाचले म्हणावं, तर माझी पाठ होती. हादरा जाणवला म्हणावं, तर इंजिन बंद होतं आणि त्यांचा हात गाडीला लागलाच नव्हता. गाडीखाली पाणी ठिबकताना दिसलं म्हणावं, तर भोकं बंद असल्यामुळं एक थेंब बाहेर पडत नव्हता. तेच तर दुखणं होतं.

पाणी कुठून आलं, कुठं साठलं, कुठल्या वायरवर पडलं, हे मी चित्र काढून दाखवू शकते. ते त्यांना कसं ऐकू आलं, हे मला सांगता येत नाही. कुणाकडं उत्तर असेल तर खाली जरूर लिहा, मी वाचेन. पण नसलं तरी चालेल... सासूबाई आत्ता बाहेरच्या खोलीत भावाशी फोनवर जोरजोरात भांडतायत, आणि मला इथं बसून शब्द न् शब्द ऐकू येतोय.