गोलावर बसलेला हात

गारखेड्याच्या अभ्यासिकेत माझ्या शेजारच्या खुर्चीवर पिशोरचा एक जण बसायचा. नाव मी कधी विचारलं नाही. आमच्या सीएच्या परीक्षेचा पॅटर्न बदलला, तीस मार्कांना चार पर्यायांतून एक निवडायचे प्रश्न आले, तसा हा पठ्ठ्या कामाला लागला. पुस्तकाला हात लावला नाही. कोऱ्या उत्तरपत्रिकेच्या गठ्ठाभर झेरॉक्स काढल्या आणि रोज सकाळपासून पेन्सिलीनं गोल भरत बसला. एक गोल भरून झाला की मान तिरकी करून बघायचा, हलकी फुंकर मारायचा, जशी काही दारातली रांगोळीच.

"अहो, प्रश्न कधी वाचणार?" मी एकदा विचारलं.

"उत्तर कुणालाबी येतं, भाऊ. गोलावर हात बसावा लागतो."

पास झाल्याशिवाय मुलगी देणार नाही, असं होणाऱ्या सासऱ्यानं बजावलं होतं, तरी हा निवांत.

निकाल लागला आणि तो नापास झाला.

"गोल एक नंबर भरले व्हते," तो म्हणाला. "उत्तरंच लई दगाबाज निघाली."

मी पोट धरून हसलो. मग त्यानं माझा निकाल विचारला.

मी त्याच्याकडं एक कोरी झेरॉक्स मागितली.