आप्पांच्या कंबरेएवढं

पालमचे शिवलिंगआप्पा लिंगैक्य झाले, हा निरोप आला तेव्हा मी परभणीच्या मोंढ्यात एका अडत्याला माझ्या बैलानं वाघ कसा लोळवला ते सांगत होतो. वाघ तसाच अर्ध्यावर राहिला... महिना झाला, अजून उठला नाही.

आप्पांचं किराणा दुकान. पण गुळाच्या ढेपांमागची सगळी भिंत लढायांच्या जुन्या नकाशांनी झाकलेली. हिंगोलीच्या छावणीतल्या कुण्या गोऱ्या साहेबाच्या सामानाचा हर्रास झाला, बोल्या लागल्या, तेव्हा लोक खुर्च्या-कपबशांवर तुटून पडले आणि आप्पांनी कापडावर डकवलेले हे नकाशे उचलले. सगळे पसरले असते तर अख्ख्या पालमवर सावली पडली असती, असं मी सांगायचो. आप्पा म्हणायचे, "निम्म्या." तांबड्या पट्ट्या इंग्रजांच्या, काळ्या पेंढाऱ्यांच्या. मीठ मागायला आलेल्याला आधी लढाई ऐकावी लागे. त्यातला एक नकाशा आपल्या गंगेचा, म्हणजे गोदावरीचा. पात्रावर ठिपक्यांची रेघ. तिथून फौज पार झाली होती. शेजारी इंग्रजीत शेरा : गुडघाभर पाणी.

यंदा श्रावणात निजामाच्या बाजूच्या हत्यारबंद टोळीनं बाजूचं गाव जाळलं. पुढची पाळी पालमची, असं जो तो म्हणू लागला. घाटावरच्या नावा अडवलेल्या. आप्पांनी भिंतीवरून गंगेचा नकाशा उतरवला, बायकोला आणि मला म्हणाले, "गोऱ्याची फौज गेली, मग आपन तिघं जाऊत न्हाई का?"

उजाडताना आम्ही काठावर पोचलो. पाऊस उघडला होता, पाणी गढूळ. आप्पांची बायको रत्नाक्का थबकल्या.

"गुडघा कोनाचा म्हनायचा? मानसाचा का हत्तीचा?"

"मानसाचाच की. इंग्रज लय नेमकं लिव्हतो."

"आन् म्हैना कोन्ता?"

आप्पांनी नकाशा वरखाली पाहिला. महिना लिहिलेला नव्हता. "तू चल गं," म्हणाले.

"भावजी, तुमी तर मगरीवर बसून जातासा," आक्का मला म्हणाल्या, आणि पदर खोचून उतरल्या.

घोटा, कंबर, छाती... आणि मग पायाखाली काहीच नाही. आप्पांच्या एका हातात आक्कांचा हात होता, दुसऱ्यात नकाशाची गुंडाळी, भिजू नये म्हणून डोक्यावर धरलेली. आक्का सुटल्या. नकाशा कोरडा राहिला. मी आप्पांना धोतराला धरून मागं काठावर ओढलं.

टोळी पालमला आलीच नाही. निजामी गेली. आक्का सापडल्या नाहीत. लिंगायतांत माणसाला बसवून माती देतात, बसवायचं कुणाला?

त्यानंतर आप्पांनी दुकान उघडलं नाही. रोज गंगेवर जायचे, अंगावरच्या कपड्यांनिशी पाण्यात उतरायचे, वर येऊन काठावरच्यांना सांगायचे, "आज माझ्या कंबरेला हाय. तुमी ठरवा." कार्तिकातल्या गार पाण्यानं छाती धरली, तरी गेले. त्यातच संपले.

परवा मी तिथं गेलो होतो. बैलगाडीवाल्यानं नावाड्याला पाण्याचा अंदाज विचारला. नावाडी म्हणाला, "आप्पाच्या कंबरेएवढं."

"कोन आप्पा? केवढा होता?"

नावाड्यानं माझ्याकडं बघितलं. मी हात माझ्या कानाच्या पाळीशी धरला. बोटभरही वर नेला नाही.