झुंबरतात्यांची कुस्ती आणि महिपतीची पेटी

भवानीनगर आणि आसपासच्या वाड्यावस्त्यांवर गेल्या तीस वर्षांत जी लग्नं लागली, त्यांतल्या बहुतेक नवऱ्यामुलांनी महिपतीच्या कॅमेऱ्याच्या दिव्याकडे बघत डोळे मिचकावले आहेत. व्हिडिओ शूटिंग हा त्याचा धंदा. माणूस कष्टाळू, वेळेला पक्का, आणि एकदा काढलेलं चित्रण पुसायचं नाही हा त्याचा बाणा. कॅसेटचं सीडीवर, सीडीचं हार्ड डिस्कवर असं सगळं तो उतरवत गेला. नावं देण्याचा मात्र त्याला कंटाळा. एका डिस्कवर ‘नवीन’ लिहिलेलं, दुसरीवर ‘नवीन नवीन’, तिसरीवर ‘शेवटचं’ आणि तिच्यानंतर आलेलीवर ‘शेवटचं नवीन’. डिस्का फरसाणाच्या रिकाम्या डब्यांत आणि डबे कपाटावर.

या डब्यांत कुठेतरी झुंबरतात्यांची कुस्ती होती. तात्या शेजारच्या वस्तीवरचे ऊस बागायतदार. तरुणपणी यात्रेच्या आखाड्यात त्यांनी करमाळ्याच्या गोकुळ पैलवानाला चितपट केलं होतं. पण ती कुस्ती लागली अगदी शेवटी, निम्मं गाव जेवायला उठल्यावर. त्यामुळे चहाच्या टपरीवर तात्यांनी विषय काढला की कुणीतरी हमखास विचारायचं, “तात्या, गोकुळ पडला, का नुसताच वाकला?” महिपतीकडं शूटिंग हाय, असं तात्या सांगायचे. मग सगळे महिपतीकडे बघायचे आणि महिपती कपातल्या चहाकडे बघायचा.

यंदा तात्यांचा नातू यशराज तालमीत जाऊ लागला आणि तिथली पोरं त्यालाही चिडवू लागली. तेव्हा तात्या सरळ महिपतीच्या दारात आले. पाणीसुद्धा न घेता म्हणाले, “आजा थापा मारतो आसं नातवाला वाटाय लागलंय. शूटिंग हाय का न्हाय, एकदाच सांग. न्हाय म्हणालास, तर मी इषय काढायचा बंद करतो.”

महिपतीला ते लागलं. आठवडाभरात शोधतो, असा शब्द त्याने दिला आणि मुलीला फोन लावला.

स्वरूपा बारामतीला राहते. एमआयडीसीतल्या एका डेअरीत संगणकाचं काम बघते. रविवारी ती आली आणि डबे खाली काढून हसत बसली. सगळं इंटरनेटवर चढवून ठेवावं, असं महिपतीच्या मनात होतं. पण त्याचं भाडं कायमचं मागे लागणार, शिवाय इथे कुणी पाइपलाइनसाठी चर खणला की केबल तुटते, हे तिने दाखवून दिलं. एकच मोठी डिस्क घ्यावी, तर ती पडली की सगळंच गेलं. तिने सुचवली ती राउटरला जोडायची पेटी. आत दोन डिस्का बसतात, एकीवर ठेवलं ते आपोआप दुसरीवर उतरतं, आणि घरातल्या टीव्हीवर, मोबाइलवर, नेट असलं तर बाहेरगावाहूनही, हवं ते बघता येतं. तिला नॅस म्हणतात.

दुकानात महिपतीचं मन चार डिस्कांच्या पेटीवर गेलं. विहिरीची मोटार घेताना जरा मोठीच घ्यावी, तसं त्याचं म्हणणं. स्वरूपाने विचारलं, आता वर्षाला शूटिंग किती होतं? खरं सांगायचं तर तरुण पोरांनी धंदा घेतला होता. दोन डिस्कांची पेटी ठरली.

“आणि पप्पा, दोन डिस्का आहेत म्हणून निवांत राहू नका,” तिने बजावलं. “चुकून पुसलं, तर दोन्हीकडचं पुसलं जातं. तिसरी प्रत माझ्या घरी राहील.”

पेटी घरी आली, इन्व्हर्टरवर जोडली, कुंकू लागलं. पुढचे दिवस महिपती एकेक डिस्क पेटीत ओतत होता आणि स्वरूपा बारामतीहून नेटवरून वर्षांप्रमाणे कप्पे पाडत होती. यात्रेच्या कप्प्यात कुस्ती नव्हतीच. ती निघाली एका बारशात. त्या काळी कॅसेट अर्धी कोरी राहिली की तीच पुढच्या कामाला लावायची, ही महिपतीची रीत. पाळणा संपला, पेढे वाटले गेले, आणि एकदम हलगी सुरू झाली.

पुढच्या रविवारी स्वरूपा आली आणि तात्याही यशराजला घेऊन आले. धोतर परीटघडीचं. टीव्हीवर आखाडा दिसला, दोघा पैलवानांनी मातीला हात लावून सलामी दिली, आणि चित्र थांबलं. आतल्या खोलीतून पेटीने दोनदा शीळ घातल्यासारखा आवाज केला आणि ती गप्प झाली. तात्या टोपी काढून मांडीवर ठेवून बसले.

स्वरूपा आत धावली. पेटीवर जाड गादीपाटाचं, झालर लावलेलं, बुडाला इलॅस्टिक घातलेलं गुलाबी कव्हर चढलं होतं. महिपतीची बायको अनिता घरात येणाऱ्या प्रत्येक वस्तूला कव्हर शिवते. फ्रिज, मिक्सर, इन्व्हर्टर, कुणीच सुटलेलं नाही. चैत्राचं ऊन, त्यात ही दुलई. पेटी भाकरीच्या तव्यासारखी तापली होती आणि जीव वाचवायला आपणहून बंद पडली होती.

“धूळ बसंल म्हणून घातलं,” अनिता म्हणाली. “एवढी महागाची वस्तू उघडी ठेवायची व्हय?”

स्वरूपाने कव्हर काढलं, टेबलफॅन लावला. पेटी निवेपर्यंत चहा झाला, पण तात्यांनी कप उचलला नाही.

मग कुस्ती लागली. तात्यांनी पट काढला, गोकुळ सुटला, पुन्हा भिडला, आणि एका झटक्यात त्याची पाठ मातीला लागली. यशराज उठून उभाच राहिला. म्हणाला, “आबा, परत लावायला सांगा.” तीनदा लावली. तिसऱ्या वेळी तात्यांनी डोळे पुसले आणि थेट गोकुळला फोन केला. पलीकडून गोकुळ जरा अडखळला. घरी त्याने सगळ्यांना कुस्ती बरोबरीत सुटली असंच सांगितलं होतं.

तात्यांनी फोन ठेवला आणि ते महिपतीकडे वळले. “महिपती, हे गावाच्या ग्रुपवर जायचं न्हाय. मला, यशराजला आन गोकुळला, तिघांनाच दिसू दे. त्याच्या घरचं तो बघंल.”

तशीही सोय त्या पेटीत होती. स्वरूपाने तिघांना वेगवेगळे पासवर्ड दिले. आता टपरीवर पुरावा दाखवता येणार नाही, हे महिपतीच्या ध्यानात आलं, पण तात्यांच्या तोंडावरचं हसू बघून त्याला त्याचं काही वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळीच गोकुळचा फोन आला, तोही महिपतीला.

“पाव्हणं, पडताना काय तब्येत दिसतीया हो माझी! घरात सगळ्यांना दावली. नातवंडं म्हणत्यात, आमच्या मोबाइलवर पण पायजे. पाच पासवर्ड द्या.”

महिपतीने चष्मा लावला आणि एकेकाचं नाव विचारायला सुरुवात केली.