मालकांनी शाकारलेला मांडव

अकोल्यात आमच्यासारखी इस्राएल, म्हणजे मराठी ज्यू, घरं इतकी थोडी होती की सणाला कुणाकडे जायचं, असा प्रश्नच पडत नसे. बाबा रेल्वेच्या मालधक्क्यावर कारकून होते आणि आम्ही एका शेतकरी मालकांच्या अंगणातल्या दोन खोल्यांत भाड्यानं राहत होतो. मालकांची जमीन बार्शीटाकळीकडे. मन मोठं आणि आवाज त्याहून मोठा.

साठ सालाच्या थोडी आधीची गोष्ट. आमच्या घराण्यात मॅट्रिकच्या पुढे गेलेलं पहिलं माणूस मी. बाबांनी हौसेनं अमरावतीच्या कॉलेजात माझं नाव घातलं, वसतिगृहात ठेवलं. त्याबद्दल मी जन्माची ऋणी आहे. पण कोकणातल्या थोरल्या काकांना ते रुचलं नाही. मुलगी परक्यांत राहून धर्म विसरेल, असं त्यांचं म्हणणं. मांडवाच्या सणाला येतो, बघतो, मग ठरवू, असा त्यांनी निरोप दिला. थोरल्या भावाचा शब्द बाबांनी कधी मोडला नव्हता. म्हणजे दिवाळीनंतर मी कॉलेजात परत जायचं की नाही, हे त्या मांडवातच ठरणार होतं.

आमचे पूर्वज मिसर देशातून सुटले आणि रानात झोपड्या करून राहिले, त्याची आठवण म्हणून हा सण. अंगणात मांडव घालायचा आणि त्यात जेवायचं. भिंती कशाच्याही करा, छपराला मात्र एक अट असते. फांद्या इतक्या विरळ हव्यात की आतून तारे दिसले पाहिजेत.

बाबांनी तुराट्यांच्या भिंती उभ्या केल्या आणि वर शिंदीच्या फांद्या टाकल्या. मी चंदेरी कागदाचे तारे कापले, आईनं पतंगाच्या कागदाच्या साखळ्या केल्या. खळ ज्वारीच्या पिठाची होती. ती मुंग्यांना इतकी आवडली की दुपारपर्यंत साखळ्या हलताना दिसू लागल्या. वरूडची हिरवट संत्री दोऱ्यांनी टांगली. हे सगळं करताना आई स्वतः रचलेलं गाणं जात्यावरच्या चालीत म्हणायची:

मांडव घातला बाई, मांडवाला नाही दार
ऊन आलं, वारा आला, पाहुणे झाले चार

"उरलेले दोन कोण?" बाबा दरवर्षी विचारायचे.

"एक मुंगी. दुसरे तुम्ही, नुसते जेवायला येता."

"आणि मांडव कोणी घातला?"

"ते गाण्यात बसत नाही."

एवढ्यात मालक आले आणि वर बघतच राहिले. "बाबूजी, हे काय करून राहिले? आभाळ दिसते न!"

"दिसायलाच पाहिजे," बाबा म्हणाले.

"पाहुणे येऊन राहिले ना कोकणातून? पाणी आलं तं काय म्हनतीन ते? अकोल्यात मानसं नाहीत काय?"

"असू द्या मालक, आमचं असंच असतं," एवढं बोलून बाबा घाईनं काकांना आणायला स्टेशनवर गेले. मालकांना तो गरिबाचा संकोच वाटला.

आई चुलीपाशी होती. मी सणाच्या आशीर्वादाच्या सरबतासाठी काळ्या मनुका कुस्करत होते. अंगणात गडबड ऐकू आली. मालकांच्या गाडीतून कडबा उतरत असेल, असं वाटलं. तो उतरत नव्हता, चढत होता.

दिवस मावळताना टांगा दारात थांबला, आईनं आत दिवे लावले आणि सण लागला. आम्ही सगळे अंगणात आलो. मांडवावर कडब्याचा जाड थर होता आणि त्यावर कापसाच्या गाडीची ताडपत्री दोरांनी आवळली होती.

"घ्या! आता ढग फुटला तरी थेंब नाही येनार," मालक म्हणाले.

काका आत जाऊन वर बघत उभे राहिले. "तारे कुठायत?"

"हे काय टांगले न!" मालकांनी माझ्या कागदी ताऱ्यांकडे बोट दाखवलं. "पोरीनं सोताच्या हातानं केले."

आता अडचण अशी की सण लागल्यावर आम्ही काम करायचं नाही, आणि दुसऱ्याला 'कर' म्हणूनही सांगायचं नाही. ताडपत्री तशीच राहिली तर त्या मांडवात जेवता येत नव्हतं. उरलं काय, तर नुसतं सुचवणं.

"आज आभाळ मोकळं आहे, नाही का मालक?" बाबांनी सुरुवात केली.

"भरवसा नाही बाप्पा. कवा फिरन, सांगता येत नाही."

"आत फार उकडतंय," आई म्हणाली. मालक धावत गेले, पंखा घेऊन आले आणि काकांना वारा घालू लागले.

काकांनाही भूक लागली होती. "आमच्याकडे कोकणात छपरं विरळ असतात," ते म्हणाले.

"म्हनूनच तं तिथले सारे मुंबईले पळतेत!"

काका बाबांकडे वळले. "मी हेच म्हणत होतो. परक्यांत राहिलं की हे असं होतं. मुलीला आता घरीच ठेव."

त्या दिवशी कोजागिरीही होती. मालकीणबाईंचं दूध अंगणात उकळत होतं. मी म्हटलं, "मालक, ते दूध तुम्ही गोठ्यात का नाही ठेवत? मांजर तरी येणार नाही."

"येडी झाली काय पोरी? कॉलेजात हेच शिकवतेत? गोठ्यात ठेवलं तं चंद्र कसा पडन त्याच्यात? वरून मोकळंच पायजे..."

ते थांबले. त्यांनी ताडपत्रीकडे पाहिलं, मग बाबांकडे. "बाबूजी, आभाळ दिसायलाच पायजे, म्हनलं होतं तुमी."

बाबांनी नुसतं वर पाहिलं. बोलायची सोयच नव्हती.

"अन् मी झाकून टाकलं! बाप्पा बाप्पा! मंग सांगाले काय झालं होतं?"

मालक स्वतःच शिडीवर चढले, दोर सोडले आणि ताडपत्री ओढली. तिच्याबरोबर कडबा, निम्म्या फांद्या, संत्री, साखळ्या आणि मुंग्या खाली आल्या. एक संत्रं सरबतात पडलं. काकांच्या टोपीवर कडब्याची पेंढी बसली.

वर तारे होते. काकांनी ते नीट पाहून घेतले, तशाच टोपीनं प्रार्थना म्हटली आणि आम्ही जेवलो. वांग्याच्या भाजीत भुसा लागत होता. आमच्या पद्धतीनं कोंबडी कापणारं अकोल्यात कोणी नव्हतं, म्हणून सणालाही वांगीच असायची. त्याचा एक फायदा झाला. मांसाबरोबर आम्हाला दूध चालत नाही, पण वांग्यांवर कोजागिरीचं दूध घेता आलं. काकांनी पेला पुन्हा भरून घेतला.

"बाय, तू त्यांना काम सांगितलंस का?" त्यांनी मला विचारलं.

"नाही काका. मी दुधाचं विचारलं."

"हं. आम्हा तिघांनाही जमलं नाही ते." ते बाबांकडे वळले. "जाऊ दे तिला. पण आपला शुक्रवारचा दिवा लावायचा, शब्बाथ विसरायचा नाही."

"लावतेच काका. वसतिगृहाच्या बाई ओरडतात, गादी पेटेल म्हणून."

"मग खिडकीत लाव."

मालक दारातून ऐकत होते. "म्हंजे पोरगी जाते न अमरावतीले?"

"जाते," बाबा म्हणाले.

"मंग त्याच्यासाठी तोंडं पाडून बसले होते काय सारे? मले वाटलं, वांगी बिघडली!"